नेलगन घ्यावी की हातोडाच बरा? विश्वकर्मा कर्ज उचलण्याआधीचा एक हिशोब

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण आमचं घर धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातलं, आणि घर सुताराचं. आजोबांनी तिफणी, कुळव, बैलगाड्या केल्या. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, दारं-चौकटी, कपाटं आणि देव्हारे करतात. त्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, दोन वर्षं पुण्याजवळच्या एका पॅकिंगच्या वर्कशॉपमध्ये लाकडी पॅलेट ठोकत होता. आता तो गावी परतलाय.

मागच्या खेपेला गावी गेलो तर घरात वाद पेटलेला. भावाला पीएम विश्वकर्मा योजनेतून पहिल्या टप्प्याचं कर्ज मिळणार आहे. त्यातून दोन एचपीचा कॉम्प्रेसर, तीन नेलगन आणि पाइप-फिटिंग असं सगळं घ्यायचा त्याचा बेत. तात्यांचं म्हणणं एकच : "आरं, खिळं भराभर ठोकून पोट भरत न्हाई. माप बरोबर आलं तर पोट भरतं." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. घरात इंजिनिअर एकच, त्यामुळे निकाल त्यानेच द्यायचा.

मी लगेच निकाल दिला नाही. दोन दिवस शेडमध्ये बसलो, भावाने एका ओळखीच्या सुताराकडून आणलेली गन चालवून पाहिली, आणि मग वहीत आकडे मांडले. तोच हिशोब इथे देतोय. हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही, गावोगावच्या शेडमध्ये सध्या हाच विचार चाललाय.

हा प्रश्न आत्ताच का आला?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी सुरू झाली. एकूण तरतूद १३ हजार कोटी रुपयांची, आणि यादीत १८ पारंपरिक व्यवसाय. सुतार त्यात आहेच. योजनेतून काय मिळतं, ते थोडक्यात :

- ओळखपत्र आणि प्रमाणपत्र
- ५ ते ७ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन
- अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर
- तारण न देता कर्ज : पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत (१८ महिने), दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत (३० महिने), व्याज ५ टक्के

एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो, आणि कुटुंब म्हणजे इथे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणजे आमच्या घरात ही संधी एकदाच आहे. भावाने ती वापरली की तात्यांना नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातले चार त्यात होते आणि त्यातला एक आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. इथे पाच टक्क्यांनी बिनतारण कर्ज सारखं सारखं चालून येत नाही. म्हणून ते कशावर खर्च करायचं, हा प्रश्न मोठा आहे.

नेलगन आतून कशी चालते?

कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. ती पाइपातून गनमध्ये येते. गनच्या आत एक सिलिंडर, त्यात पिस्टन, आणि पिस्टनच्या खाली पोलादी पट्टी. ट्रिगर ओढला की वरची झडप उघडते, दाबलेली हवा एकदम पिस्टनवर येते, पिस्टन खाली झेपावतो आणि पट्टी एक खिळा कापल्यासारखा वेगळा करून लाकडात ढकलते. ट्रिगर सोडला की बाजूच्या कप्प्यात साठलेली हवा पिस्टनला परत वर नेते. स्प्रिंगने पुढे सरकलेला दुसरा खिळा तयारच असतो.

यात जोर किती? धरून चला की पिस्टनचा व्यास ३० मिमी आहे आणि हवेचा दाब ७ बार, म्हणजे साधारण १०० पीएसआय. पिस्टनवर सुमारे ५० किलोचं वजन ठेवल्याइतका जोर येतो. तो ५ सेंमी अंतरभर लागला, तर ऊर्जा झाली वीस-पंचवीस जूल. अर्धा किलोचा हातोडा सेकंदाला ६ मीटर वेगाने खिळ्यावर आदळला तर ९ जूल. म्हणजे गनचा एक फटका हा हातोड्याच्या दोन-अडीच चांगल्या फटक्यांएवढा.

आकडा ऐकून मला आधी थोडी निराशाच वाटली. मग फरक कुठे आहे? दोन गोष्टींत. पहिली, ही सगळी ऊर्जा एकाच झटक्यात येते, आणि खिळ्याला आजूबाजूने नळीचा आधार असतो, त्यामुळे तो वाकायला जागाच नसते. दुसरी, आणि माझ्या मते मोठी गोष्ट : गनला एकच हात लागतो. हातोडीला एक हात, खिळ्याला एक हात, मग बीडिंगची पट्टी धरायची कुणी? तिथे पोऱ्या लागतो.

ही यंत्रं काही नवी नाहीत. अमेरिकेत हवेवर चालणारी पहिली नेलगन १९५० मध्ये बाजारात आली, घरांच्या लाकडी जमिनी भराभर ठोकण्यासाठी. तिकडे घरंच लाकडाची, एका घराला हजारो खिळे. आपल्याकडे घर सिमेंटचं, लाकूड दारा-खिडक्यांना आणि फर्निचरला. कुठलंही यंत्र कोणत्या कामासाठी जन्मलं, ते आधी बघावं.

वेगाचा हिशोब : आमच्या धंद्यातला एक नियम

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही अ‍ॅमडालचा नियम शिकतो. जीन अ‍ॅमडाल या संगणक शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलेली साधी गोष्ट : कामाचा एखादा भाग तुम्ही कितीही वेगवान करा, एकूण काम किती लवकर उरकेल ते त्या भागाचा मूळ वाटा किती यावर ठरतं. स्वयंपाकाला दोन तास लागत असतील आणि त्यात लसूण सोलायला पाच मिनिटं, तर लसूण सोलायचं यंत्र आणून जेवण लवकर होत नाही.

आता हाच नियम तात्यांच्या शेडमध्ये लावू. आकडे आमच्या शेडपुरते आणि ढोबळ आहेत, तुम्ही तुमचे घाला.

एक कपाट : चार दिवसांचं काम, म्हणजे ३२ तास. बीडिंग, पट्ट्या आणि मागचा प्लाय मिळून धरा २५० पिना आणि चुका. हाताने एकेक उचलून, धरून, ठोकून १५ सेकंद, म्हणजे एकूण तासाभराचं काम. गनने ३ सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं. वाचली ५० मिनिटं. ३२ तासांतली ५० मिनिटं म्हणजे अडीच टक्क्यांच्या थोडं वर. खिळे ठोकायला शून्य सेकंद लागले तरी वाचणार जेमतेम सव्वातीन टक्के! उरलेला वेळ जातो माप, कापणी, रंधा, सनमायका, फेविकॉल वाळण्याची वाट आणि बिजागऱ्यांत.

एक पॅलेट : धरा ७० खिळे. हाताने खिळ्याला १० सेकंद, म्हणजे १२ मिनिटं. फळ्या मांडायला-उलटायला ६ मिनिटं. एकूण १८. गनने ठोकायला २ मिनिटं, मांडणीची ६ तशीच, एकूण ८. सहा तास सलग काम केलं तर हाताने २० पॅलेट, गनने ४५. म्हणजे दुपटीहून जास्त.

यंत्र तेच, गडी तोच. एका कामात तीन टक्केही फायदा नाही, दुसऱ्यात दुप्पट उत्पादन. भाऊ दोन वर्षं पॅलेट ठोकून आला होता, म्हणून त्याला गन म्हणजे जादू वाटत होती. तात्यांनी जन्मभर चौकटी आणि कपाटं केली, म्हणून त्यांना ती चैन वाटत होती. दोघंही आपापल्या कामापुरते बरोबर होते. हे वहीत मांडल्यावर त्या दिवशी घरात पहिल्यांदा आवाज खाली आला.

लाकूड धरून कोण ठेवतं?

वेगानंतरचा प्रश्न मजबुतीचा. खिळा लाकडात टिकतो तो घर्षणाने. तो आत घुसताना लाकडाचे तंतू बाजूला सारतो आणि ते तंतू त्याला दाबून धरतात. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वन उत्पादन प्रयोगशाळेच्या हस्तपुस्तिकेत यासाठी सूत्र दिलंय. गुळगुळीत खिळ्याची पकड तीन गोष्टींवर ठरते : खिळ्याची जाडी, आत गेलेली लांबी आणि लाकडाची घनता. यात घनतेचा परिणाम सगळ्यात मोठा, तिचा अडीचावा घात लागतो.

म्हणजे काय? बाभळीचं लाकूड आणि प्लायसारखं हलकं लाकूड घ्या. घनता ढोबळमानाने ०.८ आणि ०.४५ धरली, तर तोच खिळा बाभळीत चौपटीहून जास्त घट्ट बसतो. आजोबा औतासाठी बाभूळच का निवडायचे, त्याचं एक कारण इथे आहे.

आता खिळ्यांकडे बघा. आपल्याकडे सर्रास मिळणारी एफ-३० पिन, म्हणजे १८ गेजची ३० मिमी लांब पिन, जाडीला साधारण सव्वा मिमी असते. हाताने ठोकायचा दोन इंची १२ गेजचा खिळा सुमारे २.६ मिमी जाडीचा आणि ५० मिमी लांबीचा. पकडीत पिन या खिळ्याच्या तिसऱ्या हिश्शालाही पोचत नाही. शिवाय पिनेला टोपी जवळजवळ नसतेच. कपाटाचा मागचा प्लाय नुसत्या पिनांवर ठोकला, तर पिना लाकडातच राहतात आणि प्लाय त्यांच्यावरून निघून येतो. तिथे टोपीचा खिळा, स्क्रू किंवा स्टेपल लागतो.

मग पिन काय कामाची? फेविकॉल वाळेपर्यंत पट्टी जागेवर धरून ठेवायला. ताकद गोंदाची, पिन ही फक्त शिकंजा. पिन बारीक असल्यामुळे बीडिंग चिरत नाही, भोक पुटीने बुजतं, हातोड्याचा घाव सनमायकावर पडत नाही. या कामात गनला तोड नाही, हे तात्यांनीही स्वतः चार पट्ट्या मारून बघितल्यावर मान्य केलं. पण चौकटीचा सांधा? तिथे आजही भोक पाडून कुसू बसवायचं. गन घेतली म्हणून पटाशी फेकायची नसते.

हातोड्याला कळतं, गनला कळत नाही

हा मुद्दा मला तात्यांनी शिकवला. हातोडा मारताना हाताला आणि कानाला कळतं की खिळा भरीव लाकडात चाललाय की पोकळीत. आवाज बदलतो, हाताला येणारा धक्का बदलतो. गनचा आवाज प्रत्येक वेळी सारखाच : फट्. खिळा तुळईत गेला की बाजूने हुकला, ते बाहेरून दिसत नाही.

याची मोठी किंमत दूरच्या एका गावाने मोजलीय. २४ ऑगस्ट १९९२ ला अमेरिकेत फ्लोरिडात अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ आलं. नंतर पडलेली घरं तपासली, तेव्हा छतांचे प्लायचे तक्ते उडून गेलेले, आणि त्यांना मारलेले खिळे आणि स्टेपल बऱ्याच ठिकाणी खालच्या लाकडात शिरलेच नव्हते. ते शेजारून निघून गेले होते. ठोकणाऱ्याला कळलं नाही, बघणाऱ्याने बघितलं नाही. त्यानंतर तिकडचे बांधकामाचे नियम कडक झाले.

आपल्या जिल्ह्याला तर घर आणि सांधा यांचा धडा कुणी शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्याकडे वय सांगताना अजूनही "भूकंपाच्या आधी की नंतर" असं विचारतात. लातूरमधलं किल्लारी आणि आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. माळवदाची घरं, जाड दगडी भिंती, छतावर मातीचा थर, आणि आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा. दगडी भिंती ढासळल्या आणि माणसं त्याखाली सापडली. लाकडी सांगाड्यातली कमतरता अशी की खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार नव्हते, त्यामुळे सांगाडा डोलायचा. भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी जे उपाय सांगितले गेले, त्यात या कोपऱ्यांत तिरके टेकू बसवणं हाही एक होता.

असा टेकू एफ-३० पिनेने बसवायचा नसतो. तिथे जाड खिळे किंवा बोल्टच हवेत, आणि आत किती गेलंय ते ठोकणाऱ्याला कळायला हवं. माझा नियम आता असा : ज्या सांध्यावर माणसाचं किंवा छताचं वजन येणार, तिथे पिन चालत नाही. झोपाळा, माळा, जिना, पलंगाच्या पाट्या, सगळं त्यात आलं. दुसऱ्या बाजूला तेरच्या लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट बघा. हजार वर्षांहून जुनं लाकूड आपल्याच जिल्ह्यात टिकून आहे. लाकूड टिकतं, ते आपण कसं जोडतो हा प्रश्न आहे.

बोटं

भावाच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर बारीक गोल डाग आहे. घरी त्याने "लाकूड लागलं" असं सांगितलं होतं. खरं काय ते त्याने मला शेडमध्ये सांगितलं. वर्कशॉपमध्ये त्यांच्या गनला जो ट्रिगर होता, तो सतत दाबून ठेवायचा आणि गनचं तोंड लाकडावर टेकवत जायचं. टेकवलं की खिळा, टेकवलं की खिळा. एकदा गन झटक्याने उसळली, परत खाली आली आणि दुसरा खिळा आपोआप सुटला. तो बोटातून आरपार. त्याला नंतर दोन दिवस बिनपगारी घरी बसवलं. गन कशी धरायची हे कुणी शिकवलंच नव्हतं.

हा भावाच्या निष्काळजीपणाचा नव्हे, तर ट्रिगरच्या प्रकाराचा प्रश्न आहे. ट्रिगर मुख्यतः दोन प्रकारचे :

१. टेकवा-आणि-सुटेल : ट्रिगर दाबलेला ठेवला की तोंड टेकेल तिथे खिळा सुटतो. वेग जास्त, धोका जास्त.

२. क्रमाने चालणारा : आधी तोंड टेकवायचं, मग ट्रिगर ओढायचा. पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा तोच क्रम.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संस्थांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार तिकडे नेलगनच्या इजेमुळे दरवर्षी सुमारे ३७ हजार लोक दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात जातात. शिकाऊ सुतारांपैकी पाचातल्या दोघांना चार वर्षांत कधी ना कधी गनची इजा झालेली आढळली. आणि पहिल्या प्रकारच्या ट्रिगरने इजेचा धोका दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट. क्रमाने चालणाऱ्या ट्रिगरने वेळ थोडा जास्त जातो, पण वर बघितलंच की कपाटाच्या कामात तो वेळ नगण्य आहे. मग बोट कशाला पणाला लावायचं?

हातोडाही साधू नाही. अंगठा सगळ्यांचाच कधी ना कधी चेचलाय, आणि तात्यांचा उजवा कोपर थंडीत दुखतो तो चाळीस वर्षांच्या ठोकण्यानेच. मनगट-कोपर वाचवायला गन खरंच चांगली. फक्त एवढं पाळा :

- दुसरा हात तोंडापासून फूटभर तरी लांब. बारीक पिन गाठीला लागली की वळते आणि बाजूने बाहेर येते.
- डोळ्याला गॉगल, कानाला प्लग. आवाज मोठा असतो.
- अडकलेली पिन काढण्याआधी हवेचा पाइप काढायचा. आधी पाइप, मग पिन.
- गन कधीही वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरला किंवा गॅसला जोडायची नाही. "हवाच तर आहे" असं म्हणून केलेला हा प्रयोग स्फोटात संपू शकतो.

वीज आणि हवा

गावातला आणखी एक प्रश्न म्हणजे विजेचा. एक एचपी म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट, दोन एचपी म्हणजे दीड. बिल फार येत नाही, कारण टाकी भरली की मोटर बंद होते. अडचण व्होल्टेजची. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असलं की ती नुसती घुमते आणि तापते. लांब, बारीक वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड असेल तर हा त्रास वाढतो. म्हणून वायर आखूड आणि जाड ठेवा, लांबी हवी तर हवेच्या पाइपात घ्या.

लाइट गेली तर? २४ लिटरची टाकी ८ बारला भरलीय आणि गन ५ बारपर्यंत नीट चालते असं धरा. फरक ३ बारचा, म्हणजे साध्या दाबाची ७२ लिटर हवा हाताशी. एका फटक्याला लिटरभर लागली तरी सत्तर पिना सहज निघतात. एका कपाटाची एक बाजू उरकते. हातोड्याला अर्थात हा प्रश्नच नाही, तो अंधारातही चालतो.

एक काम मात्र रोजचं : संध्याकाळी टाकीच्या खालचा कॉक उघडून साठलेलं पाणी काढायचं. दाबलेल्या हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं, ते आत राहिलं तर टाकी आतून गंजते. आणि दाबाची गंजलेली टाकी घरात ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

बॅटरीवर चालणाऱ्या गनही आता मिळतात. पाइप नाही, कॉम्प्रेसर नाही. ज्याला घरोघरी जाऊन काम करायचंय त्याला सोयीच्या, पण वजनाला जड आणि किमतीला बऱ्याच चढ्या.

पैशाचा हिशोब

शेवटी गोष्ट हप्त्यावर येते. १ लाख रुपये, ५ टक्के व्याज, १८ महिने : हप्ता साधारण ५,७८० रुपये. दीड वर्षात व्याज चार हजारांच्या आसपास. व्याज खरंच कमी आहे, पण मुद्दल परत करायचंच आहे, आणि ते दर महिन्याला.

समोर कमाई काय? महिन्याला सहा कपाटं धरली तर वाचणारा वेळ पाच तास. मजुरी दिवसाला ९०० धरली तर साडेपाचशेच्या थोडं वर. बीडिंगच्या दिवशी पोऱ्या लागणार नाही, महिन्यातले असे चार दिवस धरले आणि रोज ५०० प्रमाणे मोजले तर २,०००. एकूण अडीच हजारांच्या आसपास.

आता दोन रकाने मांडा. पूर्ण लाख उचलून सगळं यंत्रावर घातलं : हप्ता ५,७८०, फायदा अडीच हजार. महिन्याला सव्वातीन हजार खिशातून. गरजेपुरते २५ हजार उचलले, छोटा कॉम्प्रेसर आणि एकच पिनगन घेतली : हप्ता १,४४५, फायदा तोच अडीच हजार. हजारभर रुपये शिल्लक. कर्ज "१ लाखापर्यंत" आहे, १ लाखच घेतलं पाहिजे असं नाही. "पर्यंत" हा शब्द आपण वाचतच नाही.

आणि पॅलेट? भाऊ म्हणाला, "दादा, मी रोज पंचेचाळीस ठोकीन की." ठोकशील रे, पण रोज पंचेचाळीस घेणार कोण? चाकण-रांजणगावला कारखाने जवळ आहेत म्हणून तिथे पॅलेट खपतात. इथून तिथवर लाकडी पॅलेट म्हणजे बरीचशी हवाच ट्रकमध्ये भरून न्यायची, भाडं कोण देणार? इथे एखाद्या बागायतदाराची किंवा कारखान्याची पक्की ऑर्डर लेखी हातात आली, तर मोठी गन दुसऱ्या दिवशी घ्यावी. तेव्हा दुसऱ्या टप्प्याचं २ लाखांपर्यंतचं कर्जही मागता येईल, पहिलं वेळेवर फेडलेलं असलं तर. ऑर्डरच्या आधी यंत्र घेणं म्हणजे गिऱ्हाईक नसताना सर्व्हर विकत घेऊन ठेवण्यासारखं. आमच्या क्षेत्रातही कंपन्या अशाच बुडतात.

मग ठरलं काय?

माझं मत कामानुसार असं आहे :

- दारं, चौकटी, औत-अवजारं, माळे-जिने : हातोडा, पटाशी, कुसू, बोल्ट. गन नको.
- कपाटं, बीडिंग, सनमायकाच्या पट्ट्या, पीओपीची लाकडी फ्रेम : छोटा कॉम्प्रेसर आणि एक पिनगन. वेगासाठी नाही, मोकळ्या हातासाठी आणि सफाईसाठी.
- पॅलेट, खोकी, एकाच मापाचा माल : जाड खिळ्यांची गन, पण ऑर्डर आधी.
- पहिलंच यंत्र घेत असाल : आधी चांगलं कटर आणि ड्रिल-स्क्रू मशीन. वेळ जास्त तिथे जातो, अ‍ॅमडालचा नियम तेच सांगतो.

आमच्याकडे दोघांनी मिळून ठरवलं ते असं. कर्ज ४० हजारांचं, हप्ता २,३१० रुपये. त्यात छोटा कॉम्प्रेसर, क्रमाने चालणाऱ्या ट्रिगरची एक पिनगन आणि एक कटर. कटरच्या मदतीने महिन्याला एक कपाट जास्त निघालं, तर हप्त्याची चिंता नाही. तात्यांची अट एकच होती : पिनेने मारलेला प्रत्येक सांधा आधी गोंदाने जोडलेला पाहिजे, आणि वजनाचं काम त्यांना दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. भावाने ती मान्य केली. त्याची अटही एक होती, तात्यांनी गॉगल लावायचा. त्यावर अजून घासाघीस चालू आहे.